शंभर टक्के कोण जिंकणार?

मार्च महिना आला की आपल्याकडे सबमिशन, ओरल्स आणि जर्नलवर सह्या घेण्याची धावपळ सुरू होते. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये मात्र त्या महिन्यात वेगळाच ताप चढतो. त्याला ते लोक 'मार्च मॅडनेस' म्हणतात. एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची संस्था बास्केटबॉलची बाद पद्धतीची स्पर्धा भरवते आणि कोण जिंकणार याचे अंदाज बांधण्यात अख्खा देश गुंततो. बराक ओबामा तर राष्ट्राध्यक्ष असताना टीव्हीवर आपला अंदाज भरून दाखवायचे!

मित्रमैत्रिणींनो, बास्केटबॉल आवडत नसलं तरी पान उलटू नका. हा लेख खेळाइतकाच 'अंदाज' या गोष्टीबद्दल आहे, आणि त्यात आपल्या खिशाचाही प्रश्न आहे.

आधी स्पर्धा समजून घेऊ. मुलींची स्पर्धाही असते, पण इथले आकडे मुलांच्या स्पर्धेचे आहेत. १९३९ साली ८ संघांनी सुरू झालेली ही स्पर्धा १९८५ मध्ये ६४ संघांची झाली आणि २०११ मध्ये ६८ संघांची. जादाचे चार संघ प्राथमिक सामन्यांतच गळतात, मग ६४ जणांचा मुख्य तक्ता उरतो. त्याचे चार विभाग, प्रत्येकात १ ते १६ मानांकन. पहिल्या फेरीत १ विरुद्ध १६, २ विरुद्ध १५ अशा जोड्या. हरला तो बाहेर, रिपीटची भानगड नाही. दर सामन्यात एक संघ बाद, म्हणजे ६४ संघांसाठी बरोबर ६३ सामने.

हे सगळे ६३ निकाल स्पर्धेआधीच लिहून द्यायचे, याला म्हणतात 'ब्रॅकेट' भरणं. आता प्रत्येक सामन्याचे निकाल दोनच, म्हणून ब्रॅकेट भरायचे एकूण प्रकार झाले २ चा ६३ वा घात. म्हणजे ९ वर १८ शून्यं, आणि वर थोडे. जगातल्या ८०० कोटी माणसांनी दर सेकंदाला एकेक नवीन ब्रॅकेट भरलं, तेही न जेवता न झोपता, तरी सगळे प्रकार संपायला ३६ वर्षं लागतील.

तुम्ही म्हणाल, आम्ही काय नाणं उडवून भरणार आहोत का? ठीक आहे, तुम्हाला खेळातलं कळतं आणि तुमचे ७५ टक्के अंदाज बरोबर येतात असं धरू. तरीही ६३ च्या ६३ बरोबर यायची शक्यता सुमारे ७.४ कोटींत एक. २०१४ मध्ये वॉरन बफे यांच्या पाठिंब्याने अचूक ब्रॅकेटला १ अब्ज डॉलरचं बक्षीस जाहीर झालं होतं. पहिल्या फेरीचे ३२ सामने संपायच्या आतच त्यातला एकही अचूक ब्रॅकेट शिल्लक उरला नाही. २०१९ मध्ये एका गृहस्थांचे पहिले ४९ अंदाज बरोबर आले. पन्नासावा चुकला.

मग अंदाज बांधायचाच नाही का? बांधायचा, पण नीट. त्याचे साधारण तीन टप्पे आहेत.

पहिला टप्पा, संघाची ताकद मोजणं. नुसतं 'किती सामने जिंकले' बघून भागत नाही, कारण कोणाविरुद्ध जिंकले हेही महत्त्वाचं. गुणांचा फरकही फसवतो. समजा एक संघ ९०-८० असा जिंकला आणि दुसरा ६०-५०. फरक दोन्हीकडे १० चा. पण पहिल्या सामन्यात दोन्ही संघांकडे चेंडूचा ताबा ७५-७५ वेळा आला आणि दुसऱ्यात ५५-५५ वेळाच. दर १०० ताब्यांमागे हिशोब केला तर पहिल्याचा फरक १३ च्या आसपास आणि दुसऱ्याचा १८. म्हणजे सावकाश खेळणारा संघच जास्त वरचढ ठरला. केन पॉमरॉय यांची प्रसिद्ध क्रमवारी याच तत्त्वावर चालते.

दुसरा टप्पा, ताकदीवरून शक्यता काढणं. इथे एम-थ्रीत नाकी नऊ आणणारं नॉर्मल डिस्ट्रिब्यूशन कामाला येतं. कॉलेज बास्केटबॉलमध्ये अपेक्षित फरक आणि प्रत्यक्ष फरक यांच्यातलं स्टँडर्ड डेव्हिएशन ११ गुणांच्या आसपास असतं. एखादा संघ ५ गुणांनी सरस वाटत असेल तर त्याची जिंकण्याची शक्यता सुमारे ६७ टक्के. आणि ११ गुणांनी सरस असला तरी ८४ टक्केच!

तिसरा टप्पा, शक्यतांचा गुणाकार. विजेतेपदासाठी सलग ६ सामने जिंकावे लागतात. प्रत्येक सामना जिंकायची शक्यता ८० टक्के असलेला दादा संघ घेतला, तरी ०.८ चा सहावा घात येतो ०.२६. म्हणजे चारातल्या तीन वेळा हा दादा रिकाम्या हाताने घरी जातो. म्हणूनच २०२३ च्या उपांत्य फेरीत पहिल्या तीन मानांकनांतला एकही संघ नव्हता, आणि २०२५ मध्ये चारही संघ पहिल्या मानांकनाचे होते. स्पर्धा तीच, गणितही तेच.

आता खरा मुद्दा. अंदाज चांगला की वाईट हे ठरवायचं कसं? २०१८ मध्ये यूएमबीसी या १६ व्या मानांकित संघाने अव्वल व्हर्जिनियाला ७४-५४ असं लोळवलं. असं याआधी मुलांच्या स्पर्धेत कधीच घडलं नव्हतं. २०२३ मध्ये फेअरली डिकिन्सनने पर्ड्यूला ६३-५८ हरवून ते पुन्हा केलं. म्हणजे १९८५ ते २०२५ या काळात अशा १६० सामन्यांपैकी फक्त २ उलटे लागले. हे झालं सव्वा टक्का. तेव्हा व्हर्जिनियाला ९९ टक्के देणारा माणूस त्या रात्री तोंडावर पडला असं वाटेल, पण तो बरोबरच होता. चुकला तो १०० टक्के म्हणणारा.

ही तपासणी करायला ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५० मध्ये सोपं माप दिलं. जो निकाल लागला त्याला १ धरायचं, त्यातून तुम्ही त्याला दिलेली शक्यता वजा करायची आणि वर्ग करायचा. ७० टक्के सांगितलेला संघ जिंकला तर दंड ०.०९, हरला तर ०.४९. '१०० टक्के' म्हणून चुकलात तर पूर्ण १. कायम ५०-५० सांगणाऱ्या भित्र्याला दर वेळी ०.२५. पुष्कळ सामन्यांची सरासरी काढली की कोणाला खरंच कळतं ते दिसतं. २०१४ मध्ये कॅगलने या स्पर्धेवर एक चढाओढ सुरू केली. तिच्यात विजेत्याचं नाव लिहायचंच नसतं, प्रत्येक संभाव्य जोडीसाठी शक्यता द्यायची असते.

आता आपल्या हॉस्टेलकडे या. आयपीएल सुरू झाली की मोबाईलवर 'शुअर शॉट टिप' येते, लागोपाठ सहा वेळा खरी ठरते आणि सातव्या टिपेचे पैसे मागितले जातात. मेसचे पैसे, कधी फीचेसुद्धा, त्यात जातात. ही जादू कशी होते ते बघा. ठग ६४०० नंबर घेतो. निम्म्यांना 'अ जिंकणार' आणि निम्म्यांना 'ब जिंकणार' असं कळवतो. ज्यांच्याकडे चुकीचं गेलं त्यांना सोडून देतो आणि उरलेल्या ३२०० ची पुन्हा वाटणी करतो. सहा सामन्यांनंतर १०० जण उरतात, ज्यांना सहाही टिपा खऱ्या मिळाल्या. त्यांना वाटतं, काय ज्ञानी माणूस आहे! प्रत्यक्षात ही पण बाद स्पर्धाच झाली, फक्त बाद होत होतो आपण, आणि आपल्याला पत्ताही नव्हता.

म्हणून पुढच्या वेळी कोणी पैजेने काही सांगितलं तर दोनच प्रश्न विचारा: "किती टक्के?" आणि "तुझे आजपर्यंतचे सगळे अंदाज दाखव, चुकलेले पण." पहिल्याचं उत्तर १०० आलं तर दुसरा विचारायचे कष्टही घेऊ नका.

आणि ज्यांना स्वतः करून बघायचंय त्यांच्यासाठी आपल्या इंटर-हॉस्टेल मॅचेस आहेतच. सामना सुरू व्हायच्या आधी वहीत टक्के लिहा, नंतर ब्रायरचा दंड काढा आणि सीझन संपल्यावर सरासरी नोटीस बोर्डावर लावा. पैज लावायचीच असेल तर ती कटिंग चहाची असू द्या.