सिकलसेल : आराम किती, व्यायाम किती?

विदर्भात सिकलसेल हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे शुक्ला आणि सोळंकी यांचे टिपण १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे संपत रामटेके यांनी नागपुरात सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली; २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश झाला आणि १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली. या सगळ्यात चर्चा राहिली ती मुख्यतः रक्ताची : तपासणी, एएस की एसएस, रक्त चढवणे, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या. पण एसएस असलेला माणूस नुसत्या रक्तावर जगत नाही. त्याला कॉलेजचा जिना चढायचा असतो, दुकानात उभे राहायचे असते, निंदणीला जायचे असते. अंगात बळ कसे आणायचे, या त्याच्या प्रश्नाला घरातून एकच उत्तर मिळते : ‘पडून राहा.’

हा सल्ला अगदीच निराधार नाही. सिकलसेलमधील हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे बनतात आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी ताठ होते. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, ही मात्र दहा-वीस दिवसांतच नष्ट होते. म्हणून रक्त कमी आणि दम लवकर. जोराच्या कामात स्नायू प्राणवायू भराभर ओढून घेतात, रक्तात आम्ल वाढते, घामाने पाणी जाते. या तिन्ही गोष्टी पेशी ताठ होण्याला मदत करतात. त्यातच या रुग्णांची मूत्रपिंडे पाणी राखून ठेवू शकत नाहीत, त्यामुळे शरीर लवकर कोरडे पडते. नागपूरच्या मे महिन्यात ही अडचण किती वाढत असेल, हे वेगळे सांगायला नको.

पण पडून राहण्याचीही किंमत आहे. वापर थांबला की स्नायू झिजतात. झिजलेल्या स्नायूला तेच काम जास्त जड जाते, दम आणखी लवकर लागतो आणि माणूस आणखी पडून राहतो. हे चक्र तोडण्याचा मार्ग म्हणजे बेताचा, मोजून-मापून केलेला व्यायाम. फ्रान्समध्ये प्रौढ सिकलसेल रुग्णांना देखरेखीखाली आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा मध्यम गतीने सायकलयंत्र चालवायला दिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हा व्यायाम सुरक्षित ठरला आणि रुग्णांची कार्यक्षमता वाढली. अर्थात ते रुग्ण निवडून घेतलेले होते, आजार शांत असतानाचे होते.

खुब्याचा प्रश्न

सिकलसेलमध्ये फिजिओथेरपीची खरी कसोटी खुब्याच्या सांध्यात लागते. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडल्या की हाडाचा तो भाग मरतो आणि वजनाखाली हळूहळू खचतो. ऐन तारुण्यात माणूस लंगडू लागतो. यावर हाडात भोक पाडून आतील दाब कमी करण्याची शस्त्रक्रिया करतात. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा ४६ रुग्णांचे दोन गट केले : एका गटाला शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपी, दुसऱ्याला फक्त फिजिओथेरपी. उपचार पूर्ण केलेल्या ३८ जणांमध्ये सरासरी तीन वर्षांनंतर पहिल्या गटात ८२ टक्के, तर दुसऱ्या गटात ८६ टक्के खुबे पुढच्या शस्त्रक्रियेविना टिकून होते. एवढ्या लहान संख्येवरून शस्त्रक्रिया निरुपयोगी आहे असे म्हणता येणार नाही. पण व्यायाम म्हणजे नुसती मनाची समजूत नव्हे, एवढे यातून कळते.

चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर असतो. त्या वेळी शरीर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून नितंबाच्या बाजूचा स्नायू जोराने ओढतो. वजन आणि ही ओढ मिळून खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच-तीन पट भार येतो. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरली की स्नायूला कमी ओढावे लागते आणि सांध्यावरचा भार उतरतो. बहुतेक लोक मात्र काठी दुखऱ्या बाजूलाच धरतात.

तोच स्नायू कमवायचा तर वजन न टाकता सुरुवात करावी लागते. उताणे झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणे. कुशीवर वळून वरचा पाय सरळ वर नेणे. पुढे उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणे. सुरुवातीला आठ-दहा वेळा, मध्ये विसावा घेत. व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दुसऱ्या दिवशीही दुखणे उरले तर मात्रा कमी करावी. उरले नाही तर एका वेळी एकच गोष्ट थोडी वाढवावी. उन्हाळ्यात पहाटे, हिवाळ्यात अंग उबदार ठेवून, आणि पाणी आधी, मध्ये व नंतर. उड्या, धावणे आणि उकिडवे बसणे खुबा दुखत असताना टाळावे.

श्वासाचाही व्यायाम

छातीत किंवा पाठीत कळा आल्या की रुग्ण उथळ श्वास घेतो. फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, तिथे प्राणवायू घटतो आणि गंभीर गुंतागुंत होऊ शकते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा दुखण्यासाठी दाखल झालेल्या मुला-तरुणांना जागेपणी दर दोन तासांनी यंत्रातून दहा दीर्घ श्वास घ्यायला लावले. फुप्फुसाची गुंतागुंत त्यांच्यापैकी १९ दुखण्यांत एकदाच झाली. यंत्र न दिलेल्या १९ दुखण्यांत आठदा. तीन चेंडूंचे ते प्लास्टिकचे यंत्र औषधांच्या दुकानात मिळते.

ताप, छातीत दुखणे, धाप, अचानक आलेला अशक्तपणा किंवा बोलण्यात अडखळणे यांपैकी काहीही झाले तर व्यायाम बंद करून थेट रुग्णालय गाठावे. कळांचा झटका ओसरल्यावरही मागच्या मात्रेवर एकदम जाऊ नये.

खुब्याचा आजार सुरुवातीला जांघेत, कधी नुसताच गुडघ्यात दुखतो. क्ष-किरणांत तो दिसेलच असे नाही. एमआरआयमध्ये लवकर दिसतो. म्हणून एसएस असलेल्या मुलाने चालताना जांघ दुखते म्हटले, तर ‘सिकलचेच दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये. पुढच्या भेटीत रक्ताच्या रिपोर्टाबरोबर तेही डॉक्टरांना सांगावे आणि फिजिओथेरपी विभागाची चिठ्ठी मागून घ्यावी. हाड खचण्याआधी मिळालेली ती चिठ्ठी त्याच्या पुढच्या कितीतरी वर्षांच्या चालण्याला उपयोगी पडेल.