काच, सुई आणि चिमटा

पारदर्शक प्लॅस्टिकची मूठ, तिच्यात छोटा बल्ब, पुढे पोलादी सुई, मागून निघालेली हातभर वायर आणि तिच्या टोकाला दातेरी चिमटा. टेस्ट लॅम्प म्हणजे एवढंच. शे-दोनशे रुपयांत मिळतो. घरी करायचा तर इंडिकेटरचा जुना होल्डर, एक बल्ब आणि दोन वायरी पुरतात. जव्हार, मोखाडा, खोडाळा या टापूत मोटारीची वायरिंग करणाऱ्याच्या खणात मल्टिमीटरही असतो, पण हात आधी जातो तो टेस्ट लॅम्पकडे. कॉलेजात शिकलेल्याला हा मागासपणा वाटतो. मला तो शहाणपणा वाटतो, आणि त्याचं कारण थेट ओहमच्या नियमात आहे.

आधी इथला पाऊस लक्षात घ्यायला हवा. जव्हार समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. तिथून मोखाड्यावरून त्र्यंबकला चढत जाणारा रस्ता सह्याद्रीच्या कुशीतला. जून ते सप्टेंबर पाऊस आणि धुकं. भर दुपारी हेडलाईट लावून गाडी हाकावी लागते. गाड्या म्हणजे प्रवासी जीपा, मालाचे टेम्पो आणि मोटारसायकली. खड्ड्यांतून उडालेलं लाल मातीचं पाणी खालून वायरिंगवर बसतं. अशा गाडीत वायर तुटते क्वचित. कुजतात ते जोड. टेप सुटलेल्या जोडात पाणी शिरलं की तांबं हिरवं पडतं आणि बारा-पंधरा तारांच्या पिळातल्या दोन-तीनच उरतात. तेच अर्थचं. मोटारीत वायर जाते एकच, प्लसची. परतीचा करंट गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला येतो. मागच्या दिव्याच्या अर्थचा बोल्ट गंजला की तो परतीचा रस्ताच अडतो. मग ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणतो, इंडिकेटर लावला की पार्किंग उघडझाप करतं. करंट दुसऱ्या बल्बातून घरी जायची वाट शोधत असतो. ड्रायव्हर सांगतो, "दादा, लाईट येडी झालीय." तेवढ्यावर वायरमनला बिघाड कुठं असेल ते कळलेलं असतं, फक्त खात्री करायची असते.

खात्री करण्याची रीत ठरलेली आहे. आधी टेस्ट लॅम्पचीच परीक्षा: चिमटा बॅटरीच्या मायनसला, सुई प्लसला. पेटला तर तो साक्ष द्यायला लायक. ही पायरी गाळणारे पुष्कळ, आणि मग उडालेल्या बल्बच्या भरवशावर चांगली वायरिंग उसकटून बसतात. नंतर चिमटा रंग खरवडलेल्या पत्र्याला किंवा इंजिनच्या बोल्टला. रंगावर लावलेला चिमटा काही सांगत नाही. मग फ्यूज बॉक्स. आताच्या चपट्या फ्यूजच्या डोक्यावर धातूचे दोन ठिपके उघडे ठेवलेले असतात, ते याच सुईसाठी. "पार्किंग चालू कर रे," असं पोऱ्याला सांगून सुई एका ठिपक्यावर, मग दुसऱ्यावर. दोन्हीकडे पेटला तर फ्यूज ठीक. एकाच बाजूला पेटला तर फ्यूज उडालेला. कुठंच नाही तर करंट फ्यूजपर्यंतच आलेला नाही, मागे जावं लागणार. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. हे रंग सगळ्यांना तोंडपाठ. रिलेचे आकडेही तसेच. ३० वर बॅटरीचा थेट करंट, ८७ वरून तो पुढं दिव्याला, ८५ आणि ८६ ही कॉइलची दोन टोकं. मूळची ही जर्मन मानकातली क्रमवारी, पण सातवीत शाळा सोडलेला पोरगाही "तीसला आहे, सत्याऐंशीला येत नाही" असं सहज बोलतो.

अर्थ तपासायचा तर चिमटा उलटा लावायचा, म्हणजे बॅटरीच्या प्लसला, आणि सुई संशयित अर्थवर. लख्ख पेटला तर परतीचा रस्ता मोकळा. या एका उलटापालटीने इथले पावसाळी रोग किती सापडतात!

आता मल्टिमीटरचा मुद्दा. मीटरचा स्वतःचा रोध सहसा १ कोटी ओहमचा, म्हणजे तो वायरीतून जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. समजा कुजलेल्या जोडाचा रोध ५० ओहम झालाय. दिव्याचा बल्ब काढून त्या जोडाच्या पुढे मीटर लावला तर तो प्रामाणिकपणे १२ व्होल्ट दाखवेल, कारण करंट वाहतच नसेल तर व्होल्ट पडणार कुठं? शिकाऊ माणूस म्हणेल, सप्लाय आहे, बल्ब बदला. आता तिथंच ५ वॅटचा टेस्ट लॅम्प लावा. त्याचा पेटल्यावरचा रोध २९ ओहमच्या आसपास. बारापैकी जेमतेम साडेचार व्होल्ट त्याच्या वाट्याला येतात, आणि गार तंतूचा रोध याहून कमी असल्याने प्रत्यक्षात तेवढेही नाहीत. बल्ब कसाबसा लालसर होतो. बिघाड सापडला. मीटर फक्त विचारतो, बल्ब काम करून बघतो.

मात्र त्याचीही साक्ष त्याच्या वजनाइतकीच खरी. जोडाचा रोध एकच ओहम असेल तर ५ वॅटच्या बल्बला साडेअकरा व्होल्ट मिळतात आणि तो झकास पेटतो. त्याच जोडावर ५५ वॅटचा हेडलाईट लावला की त्याला पावणेनऊच्या आत-बाहेर मिळतात आणि घाटात उजेड पिवळा पडतो. म्हणून जाणता वायरमन दोन दिवे ठेवतो. एक मुठीतला बारीक, दुसरा हेडलाईटचा जुना बल्ब, एक फिलामेंट शाबूत असलेला, वायरी झाळून तयार केलेला. बारीक दिव्याने वाट शोधायची, मोठ्याने तिची ताकद बघायची. बॅटरी १२.६ व्होल्टवर आहे की १२ वर उतरलीय, हे मात्र या दोघांनाही सांगता येत नाही. तिथं मीटरच लागतो.

सगळ्यात देखणं काम शॉर्ट शोधण्याचं. खोडाळ्याहून आलेल्या जीपचा पार्किंगचा फ्यूज लावला की उडतो. ड्रायव्हरने वाटेत दोन फ्यूज खाल्लेले, तिसऱ्या वेळी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळलेली. हा उद्योग जिवावरचा आहे. तार उडत नाही, मग वायर तापते, प्लॅस्टिक वितळतं आणि शेजारच्या वायरींसकट आग लागते. वायरमन ती तार आधी काढून फेकतो. मग फ्यूजच्या दोन खाचांत २१ वॅटच्या बल्बच्या दोन वायरी बसवतो. आता वायर कितीही शॉर्ट असली तरी, पहिला क्षण सोडला तर, या बल्बातून पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जातो. पार्किंगच्या सगळ्या दिव्यांचे बल्ब काढून ठेवायचे आणि पार्किंग चालू करायचं. शॉर्ट असेपर्यंत बल्ब लख्ख. मग चॅसीखाली पाठीवर सरकत जायचं आणि वायरिंगचा जुडगा वीतवीत हलवत यायचं; पोऱ्या वर बल्बवर नजर ठेवून. "गेला!" असं तो ओरडला की हात तिथंच थांबतो. बहुतेक वेळा जागा ठरलेली असते: पाट्याच्या ब्रॅकेटची धार, नाहीतर पत्र्यातलं रबर निसटलेलं भोक. तिथं वायरीची कातडी घासून गेलेली असते. एक फ्यूज न उडवता सापडलेला शॉर्ट. मीटरने हे जमेल, पण जीपखाली चिखलात पडून आकडे कोण वाचणार?

हत्यार साधं आहे म्हणून ते निरुपद्रवी नाही. सुई टोकदार असल्याने वायरीची कातडी टोचून आत करंट बघण्याचा मोह होतो. कोरड्या मुलखात खपेल, इथं नाही. त्या बारीक भोकातून पावसाचं पाणी शिरतं आणि पुढच्या वर्षी तिथंच तांबं हिरवं होतं. म्हणजे आज शोधलेला बिघाड उद्याचा बिघाड पेरून जातो. टोचावंच लागलं तर जागा सील करायची. त्याहून बरं म्हणजे कनेक्टरच्या मागच्या बाजूने, वायरीला लगटून बारीक पिन सरकवायची. सुईवर टोकाचं थोडंसं सोडून स्लीव्ह चढवायची, नाहीतर एका टर्मिनलवर टेकवताना ती शेजारच्यालाही लागते आणि ठिणगी उडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे तिच्या तोंडाशी ठिणगी नकोच. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवायचं. प्लस आणि पत्रा यांच्यामध्ये सापडलेली अंगठी क्षणात लाल होते. स्पार्क प्लगच्या वायरीला हा दिवा कधीच नाही, तिथं हजारो व्होल्ट असतात. ट्रक आणि एसटीच्या बहुतेक बस २४ व्होल्टवर चालतात, तिथं १२ चा बल्ब लावला की गेलाच. आणि घरच्या २३० व्होल्टच्या बोर्डात ही सुई घालणं म्हणजे बल्ब फोडून घेणं आणि हात भाजून घेणं. घरातला टेस्टर वेगळा; त्यातला निऑन १२ व्होल्टवर उजळतही नाही.

जुन्या मोटारसायकलींचा एक चकवा सांगायलाच हवा. त्यांच्यातल्या पुष्कळांचा हेडलाईट बॅटरीवर नसून थेट इंजिनच्या मॅग्नेटोच्या कॉइलवर चाले. इंजिन बंद असताना सुई टेकवली तर दिवा पेटणार नाही, आणि नवशिका चांगली वायरिंग नापास करेल. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा हेडलाईट इंजिनबरोबर आपोआप लागू लागला. दोन्ही तऱ्हेच्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत, म्हणून दुचाकीचा हेडलाईट तपासायचा तर इंजिन चालू करूनच.

खरी पंचाईत नव्या चारचाक्यांत. इंजिनचा कॉम्प्युटर सेन्सरांना ५ व्होल्ट देतो आणि त्यांच्याकडून अगदी क्षीण करंटात निरोप घेतो. त्या वायरीवर बल्बचा दिवा टेकवणं म्हणजे सप्लाय खाली ओढणं. गार तंतू पहिल्या क्षणी त्याच्या नेहमीच्या करंटाच्या कित्येक पट ओढतो. कॉम्प्युटरच्या आतला ट्रान्झिस्टर त्यात जाऊ शकतो, आणि गेला की शेकड्यात भागत नाही. १ जुलै २०१९ पासून कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. तिचा स्फोटक सव्वा अँपिअरच्या आसपास उडतो. शॉर्ट शोधायचा आपला २१ वॅटचा बल्ब तर पावणेदोन सोडतो. एअरबॅगच्या वायरींना आणि कनेक्टरला पिवळा रंग असतो तो याचसाठी. पिवळं दिसलं की हात मागे. कॉम्प्युटरच्या वायरींसाठी एलईडीचा टेस्ट लॅम्प मिळतो. तो काही मिलिअँपिअरच ओढतो, त्यामुळे नुकसान करत नाही, पण त्याच कारणाने कुजलेला जोडही पकडत नाही. आयटीआयच्या मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांत दिवा आणि मीटर दोन्ही शिकवतात. कुठला कुठं लावू नये, हे शिकायला वेळ लागतो.

बॅटरीवरच्या कारच्या नारिंगी केबल शेकडो व्होल्टच्या असतात. त्यांना दिवा, मीटर, बोट काहीही लावायचं नाही. ते काम कंपनीत शिकून आलेल्या माणसाचं. पण त्या गाडीचे हॉर्न, वायपर, दिवे १२ व्होल्टवरच असतात, इलेक्ट्रिक स्कूटरचेही बहुधा तसेच. फक्त स्कूटरच्या प्लॅस्टिकच्या अंगाला अर्थ मिळत नाही. तिथं मुख्य बॅटरीचे व्होल्ट १२ वर उतरवणारा कन्व्हर्टर आधी शोधायचा आणि चिमटा त्याच्या मायनसला लावायचा.