अफूपासून गर्दपर्यंत : विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे असे काही

व्यसनमुक्तीवरील बहुतेक व्याख्याने ‘व्यसन वाईट’ या दोन शब्दांनी सुरू होतात आणि तिथेच संपतात. ऐकणारा मुलगा मनात म्हणतो, वाईट आहे तर इतकी माणसे घेतात कशाला? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, अफूच्या कुळातील पदार्थ सुरुवातीला खरोखरच सुख देतात. धोका त्या सुखाच्या पोटातच आहे.

अनारशाला लावतो ती खसखस ज्या झाडाची, त्याच झाडाच्या हिरव्या बोंडाला चिरा दिल्या की चीक निघतो. तो वाळला म्हणजे अफू. (अनारशाने नशा चढत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.) अफूतून मॉर्फिन मिळते. कर्करोगाच्या आणि शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनांवर ते आजही मोलाचे औषध आहे. मॉर्फिनवर रासायनिक प्रक्रिया केली की हेरॉईन तयार होते. १८९८ मध्ये बायर या जर्मन कंपनीने हेच हेरॉईन खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले होते! त्याचा अशुद्ध, तपकिरी प्रकार म्हणजे ब्राऊन शुगर, आपल्याकडची ‘गर्द’. खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन आणि वेदनाशामक ट्रामाडोल हेही याच कुळातले. ट्रामाडोल एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले आहे.

येथे एक गल्लत दूर केली पाहिजे. ऑक्टोबर २०२० मध्ये चाकण परिसरात पोलिसांनी सुमारे वीस किलो मेफेड्रॉन पकडले, ते अफूच्या कुळातले नव्हे. ते उत्तेजित करणारे रसायन आहे. अफूचे पदार्थ शरीर मंदावतात. दोन्ही घातक, पण त्यांचे धोके आणि उपचार निराळे.

कामगार वस्तीला अफू नवी नाही. ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या अनेक आया तान्ह्या मुलाने दिवसभर झोपून राहावे म्हणून त्याला अफूची बारीक गोळी देत. त्या आयांना दोष देण्यात मला अर्थ वाटत नाही. मूल सांभाळायला घरी कोणी नसे आणि खाडा झाला तर मजुरी बुडे. आज भोसरीपासून चाकणपर्यंत रात्रपाळ्या करणारी, एका खोलीत चार-पाच जण राहणारी कंत्राटी मुले आपल्या परिचयाची आहेत. अंग ठणकते, झोप येत नाही, तेव्हा सोबत्याने दिलेली गोळी कोणी नशा म्हणून घेत नाही, औषध म्हणूनच घेतो. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कोणाच्या हातची वेदनाशामक गोळी घेऊ नये, हे मी गर्दइतक्याच गांभीर्याने सांगतो.

आता शरीरात काय घडते ते पाहू. वेदना शमवणारी द्रव्ये मेंदू स्वतःही थोड्या प्रमाणात तयार करतो. बाहेरून त्यांच्यासारखाच पदार्थ मोठ्या मात्रेने येऊ लागला की मेंदू त्याला सरावतो आणि तेवढ्याच परिणामासाठी मात्रा वाढवावी लागते. मी बँकेतला माणूस, म्हणून मला हे सावकारी कर्जासारखे दिसते. पहिल्या दिवशी हातात रक्कम पडते आणि पुढे जन्मभर नुसते व्याज फेडायचे. काही आठवड्यांनी माणूस सुखासाठी गर्द घेतच नाही, ती न घेतल्याने होणारे हाल टाळण्यासाठी घेतो. व्यसनी मुले त्या हालांना ‘टर्की’ म्हणतात. शेवटच्या मात्रेनंतर साधारण सहा ते बारा तासांत नाक-डोळे वाहू लागतात. जांभया, काटा येणे, उलट्या, जुलाब, हाडे पिळवटणे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस होतो आणि आठवड्याभरात बहुतेक त्रास ओसरतो. घरातली भांडी आणि आईचे मंगळसूत्र विकले जाते ते या तासांत. मुलगा मुळात चोर असतो म्हणून नव्हे.

मृत्यू मात्र वेगळ्या वाटेने येतो. हे पदार्थ मेंदूतील श्वासाचे केंद्र मंदावतात. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर अधिकच. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, हलवूनही जाग न येणे, घोरल्यासारखा अडखळता श्वास आणि ओठ निळसर पडणे या खुणा दिसल्या तर ‘झोपू दे, उतरेल’ म्हणू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, त्याला कुशीवर वळवावे, काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे. नॅलोक्सोन हे उताऱ्याचे औषध वेळेत मिळाले तर श्वास परत येतो. सर्वांत धोक्याचा काळ कोणता? उपचार घेऊन किंवा तुरुंगातून घरी आल्यानंतरचा. सराव मोडलेला असतो, आणि जुनीच मात्रा एकदाच घेतली तरी प्राण जाऊ शकतो. सुया वाटून घेतल्या तर एचआयव्ही आणि काविळीचा सी विषाणू हेही सोबत येतात.

पुण्याला या प्रश्नाची ओळख अनिल अवचट यांच्या लेखांनी करून दिली. ते लेख वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई मदतीला पुढे आले आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू झाले. डॉ. अनिता अवचट यांनी ते उभे केले. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानायचे, त्याच्या घरच्यांनाही उपचारात सामील करायचे, ही तिथली रीत. बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. याखेरीज ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिली जातात. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ अशी त्यांवर टीका होते, ती मला पटत नाही. ज्या औषधाने मुलगा कामावर जातो आणि सुई सोडतो, ते औषधच.

केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे सव्वादोन कोटी लोक या कुळातील पदार्थ घेत होते. तरी घरोघर हे झाकले जाते, कारण पोलिसांची भीती. १९८५ च्या कायद्यात सेवनाला शिक्षा आहे हे खरे. पण त्याच कायद्याच्या कलम ६४अ प्रमाणे, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ते काढूनही घेतले जाते. चौकशीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांक निःशुल्क आहे. ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही जाता येते. मुलगा यायला तयार नसेल तर आईने किंवा भावाने आधी एकट्याने जाऊन विचारले तरी चालते.