‘सर्टिफिकेट आणलं की सुटला!’

घरातल्याच माणसाने घरातल्याचा जीव घेतल्याची बातमी मुंबईच्या उपनगरात आली, की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन वाक्यं हमखास पडतात. सकाळी : ‘तो मेंटलच होता, कधीच ठाण्याच्या मनोरुग्णालयात पाठवायला हवं होतं.’ संध्याकाळी, बहुधा त्याच नंबरवरून : ‘आता वेडाचं सोंग आणेल, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणेल आणि सुटेल.’ म्हणजे सकाळी तो वेडा, म्हणून खुनी. संध्याकाळी खुनी, म्हणून वेडा नव्हे. बोरिवलीचा ग्रुप असो की मुलुंडचा, ही कसरत सारखीच. तपास अजून पंचनाम्यापुढे सरकलेला नसतो, पण निकाल दोनदा लागलेला असतो.

दुसरं वाक्य जास्त सुशिक्षित वाटतं आणि जास्त नुकसान करतं, म्हणून आधी ते.

कायद्यात काय आहे? भारतीय दंडसंहितेचं कलम ८४, म्हणजे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२. कृत्य करतेवेळी मनोविकलतेमुळे माणसाला आपण काय करतो आहोत हेच कळत नसेल, किंवा करतो ते चुकीचं अथवा बेकायदा आहे हे कळत नसेल, तर तो गुन्हा ठरत नाही. सगळा भार ‘करतेवेळी’वर आहे. आजार असणं पुरेसं नाही. गोळ्या चालू असणं पुरेसं नाही. स्किझोफ्रेनियाचं निदान झालेला माणूसही या कलमाबाहेर राहू शकतो आणि पुष्कळदा राहतोच. वैद्यकीय आजार वेगळा आणि कायद्याला मान्य होणारी मनोविकलता वेगळी, हे सर्वोच्च न्यायालयाने इतक्या वेळा सांगितलं आहे की निकाल वाचणाऱ्याला ते पाठ होतं. शिवाय हा बचाव सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते. सरकारी पक्षाइतका निःसंशय पुरावा त्याच्याकडून मागत नाहीत. ‘असं असण्याची शक्यता अधिक’ इथवर त्याने न्यायालयाला आणलं तरी चालतं. पण तिथवर यायला कागद लागतात, साक्षी लागतात.

दोन खटले शेजारी ठेवून पाहा. दोन्हींत नवऱ्याने बायकोला मारलं. खून कोणाच्या हातून झाला, हा वाद नव्हता. दोष कोणाचा, हा होता.

पहिला गुजरातचा, दह्याभाई ठक्कर खटला. घटना १९५९ची, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६४चा. बायकोच्या अंगावर चाकूचे ४४ वार होते. एवढे वार शुद्धीतला माणूस करेल का, हा प्रश्न कुणालाही पडेल. पण वारांची संख्या हा मनोविकलतेचा पुरावा नसतो. रागही तेवढे वार करतो. बायको नकोशी झाल्याचं त्याने आधी सासऱ्याला कळवलं होतं. त्याला पूर्वी वेड लागलं होतं, असं सांगणारे साक्षीदार न्यायालयात आले. पण पोलिसांना त्यांनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं, म्हणून त्यांच्यावर विश्वास बसला नाही. मधल्या काळात तो खटला समजण्याच्या स्थितीत नाही असं आढळल्याने सुनावणी थांबली होती. बडोद्याच्या मनोरुग्णालयाने तो आता सक्षम असल्याचं कळवल्यावर खटला चालला आणि शिक्षा झाली.

दुसरा आपल्याकडचा : श्रीकांत आनंदराव भोसले विरुद्ध महाराष्ट्र राज्य. आरोपी पोलीस शिपाई. २४ एप्रिल १९९४ रोजी बायको बाथरूममध्ये कपडे धूत असताना त्याने तिच्या डोक्यात वरवंट्यासारखा दगड घातला. दिवसाढवळ्या. पळाला नाही, काही लपवलं नाही. नोकरीचा राजीनामा द्यायला ती विरोध करत होती, हा सरकारी पक्षाने मांडलेला हेतू. सत्र न्यायालयाने दोषी धरलं, उच्च न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २००२ रोजी निर्दोष ठरवलं. कशाच्या आधारावर? वडिलांना मानसिक आजार होता. त्याच्यावर स्वतःवर १९९२पासून उपचार चालू होते, निदान पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं होतं. घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर १९९४ या काळात त्याला २५ वेळा रुग्णालयात न्यावं लागलं. हेतू दुबळा होता. ही सगळी साखळी जुळली तेव्हा कुठे कलम ८४ लागू झालं, आणि तोवर आठ वर्षं उलटून गेली होती. ‘सर्टिफिकेट आणलं की सुटला’ म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडावा.

या दोन खटल्यांतला मोठा फरक कागदाचा आहे, आणि कागद नसतो तो आपल्याच लाजेमुळे. अंधेरीत राहणाऱ्याने डॉक्टर गाठायचा तो पार दुसऱ्या लोकल लाइनवरचा, कोणी ओळखीचं भेटू नये म्हणून. फाइल करायची नाही, चिठ्ठी फाडून टाकायची, धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय. ‘ॲसिडिटीच्या गोळ्या आहेत’ असं शेजाऱ्यांना सांगायचं. आणि एक दिवस भयंकर काही घडलं, घरच्यांनी ‘हो, तो आजारी होता’ म्हटलं, की तेच शेजारी म्हणणार, ‘आत्ताच कसा आजारी झाला?’ आधी लपवायला लावायचं आणि मग लपवलं म्हणून खोटं ठरवायचं, याला काय म्हणावं!

सोंगाचं म्हणाल, तर डॉक्टरसमोर अर्धा तास वेडेपणा करणं वेगळं आणि वॉर्डात दिवसरात्र करणं वेगळं. सोंग घेणारा भास रंगवून सांगतो. पण खऱ्या आजारातला तो कोरडा चेहरा, तुटलेला विचार, अनेक दिवस बिघडलेली झोप, हे रात्रपाळीच्या नर्सच्या नोंदींतून फारसं निसटत नाही. खटला समजण्याची क्षमता नाही असा प्रश्न आला, की तपासणी सरकारी यंत्रणेतून होते. त्या अहवालावर आक्षेप असेल तर सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागप्रमुखाचा आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या मानसोपचार प्राध्यापकाचा समावेश असलेलं मंडळ आहे. कोपऱ्यावरच्या क्लिनिकच्या चिठ्ठीवर दिंडोशीच्या सत्र न्यायालयात कोणी उठून दार उघडत नाही.

आणि ‘सुटला’ म्हणजे तरी काय? मनोविकलतेच्या कारणावरून निर्दोष ठरलेल्याला साध्या निर्दोष आरोपीसारखं घरी जाता येत नाही. कृत्य त्यानेच केलं, हे न्यायालय निकालात नोंदवतं. मग त्याला सुरक्षित ताब्यात ठेवायचं, किंवा हमी घेऊन नातेवाइकाकडे सोपवायचं. पुढची सुटका, तो स्वतःला वा इतरांना धोकादायक नाही असं प्रमाणपत्र मिळाल्यावरच.

ज्या नावाने उपनगरांची एक पिढी कड्या लावून झोपली, त्या रामन राघवचं उदाहरण इथे आठवावं. त्याचे बळी घरचे नव्हते, झोपड्यांत आणि रस्त्यावर झोपलेले होते. पण ‘वेडा ठरला की सुटला’ याला त्याच्याइतकं चोख उत्तर नाही. १९६८च्या ऑगस्टमध्ये पकडला, फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं, त्यांनी पॅरानॉइड स्किझोफ्रेनियाचं निदान केलं, फाशीची जन्मठेप झाली. १९९५मध्ये तो पुण्यात ससूनमध्ये मेला. कैदीच होता. आजार दोषावर नव्हे, शिक्षेवर परिणाम करतो, अशीही एक वाट असते, ती ही. २०१९मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षा झाल्यानंतर जडलेला गंभीर मानसिक आजार लक्षात घेऊन फाशी रद्द केली आणि उरलेलं आयुष्य तुरुंगात, उपचारासह, असा आदेश दिला. आरोपीचं नावही निकालात छापलं नाही.

आता सकाळचं वाक्य : मेंटल म्हणजे खुनी. इथे मला उलट्या बाजूच्या गोड बोलणाऱ्यांचाही राग आहे. ‘मानसिक आजार आणि हिंसा यांचा काहीच संबंध नाही’ हे खरं नाही. संशोधक सीना फझेल यांच्या गटाने २००९मध्ये वीस अभ्यास एकत्र केले. सायकोसिस, म्हणजे वास्तवाचं भान सुटणारा आजार, असलेल्यांत खुनाचं प्रमाण सुमारे ०.३ टक्के, सर्वसाधारण लोकांत ०.०२ टक्के. धोका वाढतो, दारू आणि नशा जोडीला असली तर हिंसेचा आणखी. पण तेच आकडे असंही सांगतात की हजारातले ९९७ जण कोणाचाही जीव घेत नाहीत. नीलसन आणि लार्ज यांनी २०१०मध्ये मांडलेला आकडा तर दारावर चिकटवावा असा आहे : पहिल्या सायकोसिसमध्ये, उपचार सुरू होण्याआधी, ६२९ रुग्णांमागे एक खून, उपचारानंतर वर्षाला ९,०९० मागे एक. धोका आजारापेक्षा उपचार नसण्यात आहे. आणि आपल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचारांपासून दूर असलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं.

ग्रुपवर आणखीही वाक्यं फिरतात. ‘डिप्रेशन होतं, म्हणून मारलं’ : डिप्रेशनचा रुग्ण धोका असलाच तर बहुतेक वेळा स्वतःला असतो. ‘इतकं नीट बोलतो, आजारी कसा?’ : भ्रम एका विषयापुरता असू शकतो, बाकी हिशेब चोख. ‘लग्न करून द्या, ताळ्यावर येईल’ : येत नाही, आणि परक्याची मुलगी त्यात भरडली जाते. ‘आई असं करूच शकत नाही, ती राक्षसीणच’ : हजार बाळंतपणांमागे एक-दोन बायकांना प्रसूतीनंतरचा सायकोसिस होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. इंग्लंडने १९२२मध्येच अशा आयांसाठी खुनाहून वेगळा, सौम्य गुन्हा कायद्यात आणला. आपल्याकडे तो नाही. तिला खुनाचंच कलम लागतं आणि कलम २२ची तीच चढण चढावी लागते.

शेवटी पुन्हा कागदांकडे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या कलम २४नुसार मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्याचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. ग्रुपवर फिरणारी केसपेपरची छायाचित्रं मुळात बाहेर येतात कुठून, हा प्रश्न विचारायला हवा. त्याच कायद्याचं कलम २५ रुग्णाला स्वतःच्या नोंदी मागण्याचा हक्क देतं. घरात कोणावर उपचार चालू असतील तर त्या मागून घ्या, तारखेनुसार लावा, जपून ठेवा. उपचार सुरूच झाले नसतील तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं, आणि त्यासाठी दुसऱ्या लाइनवरचा डॉक्टर गाठावा लागत नाही.