वादसभा आणि परीक्षकाची खुर्ची

शालेय वादविवाद स्पर्धांची पद्धत येथील माजी विद्यार्थ्यांस सांगावयास नको. नेमून दिलेली मिनिटे, शेवटच्या मिनिटाची घंटा, पहिल्या रांगेतील परीक्षक आणि त्यांच्या हातातील गुणपत्रके. निकाल रुचो वा न रुचो, तो कोणी दिला हे सर्वांस ठाऊक असे. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ज्या जाहीर वादसभांत समोरासमोर येतात, तेथे बाकी सारे असते. परीक्षकाची खुर्ची मात्र रिकामी असते. ती कोण पटकावतो, हा या लेखाचा विषय आहे.

आपले राष्ट्रपती खासदार आणि आमदार यांच्या मतांनी निवडले जातात. म्हणून आपल्याकडे त्या पदासाठी असा लोकप्रचार नसतो. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष हाच शासनाचा प्रमुख. औपचारिक निवड निर्वाचक मंडळ करीत असले तरी प्रचार मतदारांपुढेच चालतो, आणि १९६० मध्ये त्यात दूरचित्रवाणीवरील वादसभांची भर पडली.

त्या वर्षी २६ सप्टेंबरला शिकागो येथे जॉन केनेडी आणि रिचर्ड निक्सन यांची पहिली वादसभा झाली. निक्सन गुडघ्याच्या दुखण्यामुळे नुकतेच रुग्णालयात राहून आले होते. पडद्यावर ते खंगलेले, घामेजलेले दिसले. केनेडी ताजेतवाने होते. नभोवाणीवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असे वाटले आणि पाहणाऱ्यांना केनेडी, ही कथा तेव्हापासून आजतागायत सांगितली जाते. तिचा आधार मात्र क्षीण आहे. एका मतचाचणी संस्थेने विचारलेल्या थोड्याशा श्रोत्यांवर ती उभी आहे, आणि केवळ नभोवाणी ऐकणारा वर्ग मुळातच निक्सन यांच्याकडे झुकलेला असण्याचा संभव होता. तरीही ती टिकली, कारण ती सांगावयास सोपी आहे. सभेपेक्षा सभेची कथा दीर्घायुषी असते, याचे हे पहिलेच उदाहरण. केनेडी शेवटी सव्वा लाखाहूनही कमी मतांच्या आघाडीने पुढे राहिले. एवढ्या निसटत्या विजयाचे श्रेय कोणत्याही एका कारणास देता येते, म्हणून ते वादसभेसही मिळाले.

पुढील तीन निवडणुकांत वादसभा झाल्याच नाहीत. १९७६ मध्ये जेरल्ड फोर्ड आणि जिमी कार्टर यांनी ही प्रथा पुन्हा सुरू केली. फिलाडेल्फियातील पहिल्या सभेत ध्वनियंत्रणा बिघडली आणि दोघेही उमेदवार सत्तावीस मिनिटे आपापल्या व्यासपीठामागे जवळजवळ निश्चल उभे राहिले. प्रतिस्पर्ध्याआधी खाली बसलेले दिसणे दोघांनाही परवडणारे नव्हते! शब्द बंद पडले तरी चित्र चालू होते, हे दोघेही उमजून होते.

परंतु माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाची आहे ती ६ ऑक्टोबरची सॅन फ्रान्सिस्कोची सभा. पूर्व युरोपावर सोव्हिएत संघाचे वर्चस्व नाही, असे फोर्ड तेथे म्हणाले. प्रश्नकर्त्या पत्रकाराने सावरण्याची संधी दिली, तर त्यांनी पोलंडचेही नाव घेतले, आणि पोलंडमध्ये तर सोव्हिएत सैन्य तळ ठोकून होते. तथापि सभा संपल्यावर लगेच ज्यांना विचारले गेले त्यांच्यातील अधिक लोकांनी फोर्ड यांनाच सरस ठरविले. रात्रीच्या बातम्या आणि सकाळची वृत्तपत्रे यांनी त्या एका विधानावर बोट ठेवले. चोवीस तासांच्या आत कौल पार उलटला. सभा तीच, बोललेले तेच. मधल्या काळात पडले ते केवळ भाष्य.

साहित्याच्या अध्यापकाला यात नवल वाटत नाही. संहिता आणि वाचक यांच्यामध्ये टीकाकार उभा असतोच. फरक इतकाच की साहित्यात वाचक पुन्हा मूळ संहितेकडे जाऊ शकतो. नव्वद मिनिटांची वादसभा पुन्हा कोण पाहतो? लोकांना पुन्हा दिसतो तो तुकडा. आणि हे तुकडे आखूड होत गेले. १९६८ च्या प्रचारात सायंकाळच्या बातम्यांमध्ये उमेदवाराचे स्वतःचे बोलणे सरासरी चाळीस सेकंदांहून अधिक अखंड ऐकू येई. १९८८ मध्ये ते दहा सेकंदांच्याही आत आले. दहा सेकंदांत युक्तिवाद होत नाही. कोटी होते किंवा चूक होते. त्र्याहत्तर वर्षांच्या रोनाल्ड रेगन यांनी १९८४ मध्ये, प्रतिस्पर्ध्याच्या तारुण्याचा आणि अननुभवाचा आपण राजकीय फायदा घेणार नाही, असे म्हणून वयाचा प्रश्न हसण्यावारी नेला. छपन्न वर्षांचे वॉल्टर मॉन्डेलही हसले. तेवढाच तुकडा उरला.

२००० साली बॉस्टन येथील सभेनंतरच्या काही मतचाचण्यांत ॲल गोर किंचित पुढे होते. पण प्रतिस्पर्धी बोलत असताना त्यांनी टाकलेले सुस्कारे दूरचित्रवाणीने पुनःपुन्हा दाखविले, विनोदी कार्यक्रमांनी त्यांची नक्कल केली, आणि गोर उद्धट ही प्रतिमा पक्की झाली.

पक्षांना हे न कळते तरच आश्चर्य. सभा संपताच दोन्हीकडील प्रवक्ते शेजारच्या दालनात वार्ताहरांना गाठून आपलाच उमेदवार जिंकल्याचे पटवू लागतात. सभेच्या अटींवरही आधीच घासाघीस चालते. १९७६ पासून या सभा भरविणाऱ्या ‘लीग ऑफ विमेन व्होटर्स’ या महिलांच्या संस्थेने १९८८ मध्ये पक्षांच्या मागण्यांना कंटाळून, मतदारांच्या फसवणुकीत आम्ही सहभागी होणार नाही अशा आशयाचे पत्रक काढून अंग काढून घेतले. मला तो या इतिहासातील सर्वांत सुज्ञ निर्णय वाटतो. त्याची आठवण मात्र फारशी कोणी काढीत नाही.

माध्यमे सर्वशक्तिमान आहेत, असा याचा अर्थ नव्हे. २०२४ मध्ये दोन्ही टोके दिसली. २७ जूनच्या अटलांटा येथील सभेत जो बायडन अडखळले, वाक्ये अर्धवट राहिली. ते कोणी समजावून सांगण्याची गरजच नव्हती, आणि २१ जुलैला त्यांनी उमेदवारी सोडली. पुढे १० सप्टेंबरला कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प समोरासमोर आले. बहुतेक भाष्यकारांनी आणि मतचाचण्यांनी हॅरिस यांना सरस ठरविले. नोव्हेंबरमध्ये ट्रम्प निवडून आले.