द्वारपाल आणि परवाना

नाशकांत सातपूर व अंबड येथील कारखान्यांच्या दारांशीं उभे असलेले सुरक्षारक्षक आपण नित्य पाहतों. गणवेश चढविला कीं कोणीही रक्षक होतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो यथार्थ नव्हे. २००५ सालच्या केंद्रीय कायद्यान्वयें खाजगी सुरक्षासंस्थेस राज्याच्या नियंत्रक अधिकाऱ्याचा परवाना घ्यावा लागतो; त्याची मुदत पांच वर्षांची. रक्षकाचें वय १८ पूर्ण व ६५ च्या आंत असावें, त्याच्या चारित्र्याची चौकशी व्हावी, आणि आदर्श नियमांप्रमाणें त्यास १०० तास वर्गांत व ६० तास प्रत्यक्ष जागेवर शिक्षण मिळावें. त्याजपाशीं छायाचित्रासह ओळखपत्र असावें. पोलिसासारखा वा सैनिकासारखा पोषाख मात्र त्यास निषिद्ध आहे. कारण रक्षक हा पोलीस नव्हे. खाजगी गुप्तहेरांकरितां २००७ सालीं संसदेंत विधेयक आलें, परंतु त्याचा कायदा झाला नाहीं.

रक्षकाच्या हिताचेंही विस्मरण नसावें. त्याचें वेतन व कल्याण पाहण्याकरितां मंडळें नेमण्याची तरतूद महाराष्ट्रानें १९८१ च्या कायद्यानें केली आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें ही नोकरी धरील, कोणी रक्षक नेमील. पहिल्यानें आपलें शिक्षण व ओळखपत्र मागून घ्यावें. दुसऱ्यानें संस्थेचा परवाना आधीं पाहावा.