भोगवढनची माणसं

गेल्या आठवड्यात पुराणांतल्या राजांच्या याद्यांपाशी थांबलो होतो. आज सातवाहन राजे आंध्रचे की महाराष्ट्राचे, हा वाद घ्यायचं ठरलं होतं. पण मध्येच भोकरदनहून एका वाचकाचं पत्र आलं. ते विचारतात, ‘राजांचं कूळ पुष्कळ झालं. त्या काळी आमच्या गावात राहणारी माणसं कोण होती? आणि आम्ही त्यांचेच वंशज का?’ पत्र वाचलं आणि वाद पुढच्या आठवड्यावर ढकलला. भोकरदनचा विषय निघाला की मला राहवत नाही.

केळणा नदीच्या काठची पांढर ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. पाऊस ओसरला की ओघळींतून खापऱ्या उघड्या पडतात. बोट फिरवलं तर चाकावरच्या बोटांच्या रेघा अजून लागतात. १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी मिळून इथं उत्खनन केलं आणि सातवाहनकाळचं नांदतं गाव उजेडात आलं. पैठणहून अजिंठ्याचा डोंगर ओलांडून उज्जैनकडे जाणाऱ्या वाटेवरचं हे गाव. संस्कृतात भोगवर्धन, लोकांच्या तोंडी भोगवढन.

इथं सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती अभ्यासकांना थेट इटलीत घेऊन गेली. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात १९३८ साली अशाच घडणीची एक भारतीय मूर्ती मिळाली होती. अंगभर दागिने, दोन्ही बाजूंना दासी. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती भोकरदनलाच घडली असं मी म्हणणार नाही. पण दोन्हींमागे एकाच वळणाचा हात आहे, हे मला मनापासून पटतं.

आता माणसांकडे. त्यांची नावं भोकरदनात नाहीत, सांचीत आणि भारहुतात आहेत. स्तूपांसाठी दान देणाऱ्यांच्या छोट्या लेखांत भोगवढन हे गाव येतं. एवढ्या लांब जाऊन दगडावर गावाचं नाव कोरून घेणारी ही माणसं! असे दानलेख वाचताना एक गोष्ट लक्षात येते. माणूस आपलं नाव सांगतो, गाव सांगतो, कधी धंदा, कधी कुणाचा मुलगा वा कुणाची आई ते सांगतो. आज आपण ज्याला जात म्हणतो, तिच्यावाचून त्याचं काही अडत नाही. सांचीच्या दक्षिण तोरणाच्या एका खांबावर तर विदिशेच्या दंतकारांनी लिहून ठेवलंय की हे कोरीव काम आमचं. हस्तिदंत कोरणारे हात दगडावर चाललेले!

त्याच तोरणावर सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद भेटतो. तो स्वतःला वासिष्ठीपुत्र म्हणवतो. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र या नावांवरून राजांच्या कुळाचे तर्क लढवणाऱ्यांनी या आनंदासमोर जरा उभं राहावं. आईच्या गोत्राचं नाव लावणं ही राजांची मिरास नव्हती, कारागिरांचा प्रमुखही ते लावत होता.

आणि राजांच्या शुद्ध कुळाचं म्हणाल तर नाशिकच्या लेण्यातला, सातवाहन राजा पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षीचा लेख पाहा. त्यात त्याची आजी गौतमी बलश्री आपल्या लेकाचं, गौतमीपुत्राचं, कौतुक सांगते: यानं चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, शकांचा नाश केला. थोड्याच काळानं याच घराण्यातल्या वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कान्हेरीच्या लेखात येते. ती कार्दमक कुळातली, शक महाक्षत्रपाची लेक! मला हा लेख फार आवडतो. ज्यांच्याशी पिढ्यान्‌पिढ्या लढाया केल्या, त्यांचीच मुलगी सून म्हणून घरात आली. राजवाड्यात हे झालं, तर व्यापाराच्या वाटेवरच्या गावात किती घरांत झालं असेल!

म्हणून पत्रलेखक दादांना माझं उत्तर असं. तुमच्या घराण्याचा धागा दोन हजार वर्षं मागे नेणारा एकही कागद मिळायचा नाही, आणि आडनावावरून तो जोडून देणाऱ्यांच्या नादी लागू नका. पण भोगवर्धन, भोगवढन, भोकरदन ही झीज बघा. शब्द असा झिजतो तो रोजच्या बोलण्यात. गाव पार उजाड झालं असतं तर नाव मातीत गेलं असतं. म्हणजे ते पुढच्या पिढीच्या तोंडी देणारं कुणी ना कुणी केळणेकाठी कायम होतं. त्यात इथलेच किती आणि वाटेनं येऊन राहिलेले किती, ते वेगळं काढता येणार नाही. मला तशी गरजही वाटत नाही.

आणखी एक. मार्कंडेय पुराणात दक्षिणापथातल्या लोकांची यादी आहे. तिच्यात अश्मक, कुंतल आणि आंध्र यांच्याबरोबर भोगवर्धन हेही एक नाव आहे. पुराणकारांनी या गावाच्या मुलखातल्या लोकांना आंध्रांहून वेगळं मोजलंय, आणि सातवाहन राजांना मात्र आंध्र म्हटलंय. राहिलेला वाद पुढच्या आठवड्यात इथूनच उचलू.